गांडुळं झाकणाला चिकटली, डब्याला आंबूस वास

पत्र : आमच्या गॅलरीत ५० लिटरच्या प्लास्टिकच्या डब्यात मी गांडूळखत करते. दिवाळीनंतर नर्सरीतून एक किलो गांडुळं आणली होती. मार्चपर्यंत छान चाललं होतं, एकदा खतही निघालं. मे महिन्यात नणंदा, भाचरं सगळी राहायला आली. रोज आमरस. आंब्याच्या साली, कलिंगडाच्या साली, अधूनमधून उरलेली आमटी आणि भात, सगळं डब्यात गेलं. आता डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो. चिलटं आहेत, जाड राखाडी अळ्या आहेत, दोऱ्यासारखे पांढरे किडेही आहेत. पहिला पाऊस झाला त्या रात्री गांडुळं झाकणाला आतून गुच्छाने चिकटली होती, काही गॅलरीभर पसरली. काहींच्या अंगावर मण्यांसारख्या गाठी दिसतात. खालून येणारं काळं पाणी तुळशीला घातलं, तर तिची पानं पिवळी पडली. कुणी म्हणतं ताक आणि गूळ शिंपडा, कुणी म्हणतं चुना टाका. सासूबाई म्हणतात, फेकून दे एकदाचं. सोसायटीच्या बागेत पावसात पुष्कळ गांडुळं वर येतात, ती आणून टाकू का?
– एक वाचक, कल्याण

प्रिय ताई,

डबा फेकू नका. झाकणापर्यंत चढून येण्याइतकी ताकद गांडुळांत आहे, म्हणजे डबा वाचण्यासारखा आहे. शिवाय जी मेली असतील त्यांचे कोष खाली राहिलेले असणार. लिंबाच्या आकाराचे, पण तांदळाच्या दाण्याहूनही लहान, पिवळसर-सोनेरी असे हे कोष हाताने खत चाळताना दिसतात. एकेका कोषातून दोन-तीन पिल्लं निघतात, साधारण तीन आठवड्यांत, आणि ती पिल्लं दोनेक महिन्यांत स्वतः कोष घालू लागतात. त्यामुळे नवी गांडुळं विकत आणायची घाई करू नका. आधी घर दुरुस्त करा, माणसं वाढवायचं नंतर बघू.

आता झालं काय ते सांगते. तुमच्या गांडुळांना रोग झालेला नाही, त्यांना जास्त वाढलं गेलं. आंब्याच्या सालीला गर चिकटलेला असतो, त्यात साखर भरपूर आणि पाणी ८० टक्क्यांहून जास्त. कलिंगडात तर ९० टक्क्यांच्या वर. हे सगळं थरावर थर पडलं की खालच्या थराला हवा मिळत नाही आणि साखर आंबायला लागते. आधी अल्कोहोल तयार होतं, मग त्याचं आम्ल. तुम्हाला येणारा व्हिनेगरचा वास खराखुरा व्हिनेगरचाच आहे, दोन्हींतलं आम्ल एकच. आंबताना उष्णताही सुटते, आणि कल्याणच्या मे महिन्यात प्लास्टिकच्या डब्यात ती जायला जागा नसते. गांडुळांना २० ते ३० अंशांच्या दरम्यान बरं वाटतं, आतलं तापमान ३५ च्या वर गेलं की ती मरायला लागतात.

गांडुळाला फुप्फुसं नसतात. ते ओलसर कातडीतून श्वास घेतं. त्यामुळे आम्ल, मीठ, तिखट, सगळं त्याच्या कातडीलाच थेट झोंबतं, आणि पाणी साचून हवा संपली की जिथे हवा असेल तिथे, म्हणजे वर, ते धावतं. पावसाळी हवेत दोन-चार गांडुळं झाकणावर दिसणं नेहमीचं आहे. गुच्छ दिसले की समजायचं, खाली राहण्यासारखं उरलेलं नाही.

मण्यांसारख्या गाठींचं मला जास्त वाईट वाटलं. ती आमटीची करामत आहे. डाळ, बेसन, पनीर असे प्रथिनांचे पदार्थ आम्लात कुजले की गांडुळाच्या पोटात वायू धरतो आणि अंग जागोजागी फुगून मधे आवळलं जातं. अशी गांडुळं सहसा वाचत नाहीत. ती वेचून कुंडीच्या मातीत पुरून टाका. आणि यापुढे शिजलेलं अन्न डब्यात एक घासही नको. आमटीत मीठ आहे, तेल आहे, फोडणी आहे. त्यांतलं काहीच त्यांच्या उपयोगाचं नाही.

आज काय करायचं ते आता. गॅलरीत जिथे ऊन येत नाही अशा जागी जुनं प्लास्टिक किंवा चटई अंथरा आणि डबा हळूच त्यावर रिकामा करा. हातमोजे घाला. वरचा सालींचा चिकट थर वेगळा काढा. बाठे वेगळे काढा, ते गांडुळांच्या कामाचे नाहीत, वाळवून टाका नाहीतर उगवायला लावा. खालचा काळा लगदा बोटभर जाडीचा पसरून तासभर हवेला ठेवा. त्यातली जिवंत गांडुळं घोळक्याने एकमेकांत शिरतील, ती उचलायला सोपी जातात. सालींचा लगदा दुसऱ्या एका भोकं पाडलेल्या बादलीत दुप्पट सुक्या पाल्याबरोबर, पाला नसेल तर फाडलेल्या पुठ्ठ्याबरोबर, थर देऊन ठेवा. तो तिथे आपला आपण कुजेल.

मग नवं अंथरूण. इथे माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे, कारण लोक गांडुळांच्या खाण्याचा विचार शंभर वेळा करतात आणि अंथरुणाचा एकदाही नाही. डब्यातला निम्म्याहून जास्त माल नेहमी सुका असायला हवा. पुठ्ठ्याची खोकी फाडून (चिकटपट्टी आणि चकचकीत छापील थर काढून), अंड्यांचे कागदी ट्रे, वर्तमानपत्राच्या पट्ट्या, देवापुढच्या नारळाच्या शेंड्या सुट्या करून, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कोकोपीट आधी एक-दोन पाण्यांतून काढून पिळून घ्या, कारण काही वेळा त्यात खारटपणा राहिलेला असतो. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो म्हणून आणू नका. हल्ली बहुतेक काम प्लायवूडचं असतं आणि त्या भुशात गोंद असतो. सगळ्यांत चांगला म्हणजे सुका पालापाचोळा. पण तो जूनमध्ये मिळणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीच्या झाडांचा पाला झाडून जाळला जातो, त्याच वेळी वॉचमनना सांगून दोन-तीन पोती बाजूला ठेवून घ्यायची, कोरड्या जागी, तोंड बांधून. वर्षभराची बेगमी होते. गांडूळखत करणाऱ्याच्या घरी तांदळाच्या डब्याआधी पाल्याचं पोतं भरलेलं असावं, असं मी नेहमी सांगते.

तळाशी चार बोटं शेंड्या किंवा फाडलेला पुठ्ठा, त्यावर वीतभर ओलं करून पिळलेलं कोकोपीट आणि कागद, त्यात तुमच्या जुन्या डब्यातला पसरून हवा दिलेला काळा माल थोडा, आणि मिळालं तर दोन ओंजळी जुनं, थंड झालेलं शेणखत. ताजं शेण नको, ते तापतं. गांडुळं वर सोडा, ती आपणहून खाली जातील. जाताना दिसली नाहीत, वरच रेंगाळली, तर अंथरूण अजून आंबट किंवा फार ओलं आहे.

ओलाव्याची परीक्षा मुठीत. मूठभर माल घट्ट दाबला तर बोटांच्या फटीतून एखादा-दुसरा थेंब यावा. धार लागली तर जास्त आहे, थेंबच आला नाही आणि मूठ उघडल्यावर माल सुटून पडला तर कमी आहे. पावसाळ्यात तुम्हाला वरून पाणी घालायची गरज बहुधा पडणारच नाही, भाजीच्या सालींतून येतं तेवढं पुरतं. अगदी पावसाळा संपेपर्यंत पाण्याची बाटली डब्यापासून लांब ठेवली तरी चालेल.

यानंतर दहा दिवस खाणं बंद. हे तुम्हाला जड जाईल हे मला माहीत आहे, कारण घरातला ओला कचरा तर रोज निघणार. पण गांडुळं उपाशी मरत नाहीत, कागद, पुठ्ठा, जुनं खत, त्यावरचे जिवाणू हे सगळं त्यांचं खाणंच आहे. रोज रात्री गॅलरीतला दिवा चालू ठेवा. गांडुळांना डोळे नसतात, पण कातडीला उजेड कळतो आणि ती उजेडापासून दूर, म्हणजे अंथरुणात, जातात. झाकण घट्ट लावू नका. ओलसर गोणपाट अंथरा आणि झाकण तिरकं ठेवा.

ताक आणि गूळ अजिबात नको. पाल्याच्या साध्या ढिगात कुजणं सुरू व्हावं म्हणून ताक-गूळ शिंपडतात, ती वेगळी गोष्ट. तुमचा डबा आधीच आंबलेला आहे, त्यात आणखी आंबट आणि आणखी साखर कशाला? चुन्याचं म्हणाल तर खायचा चुना मुळीच नको. तो जहाल असतो, ओल्या कुजणाऱ्या मालात पडला की अमोनिया सुटतो, आणि गांडुळाची कातडी भाजते. आंबटपणा कमी करायचा तर अंड्याची टरफलं धुऊन, वाळवून, मिक्सरमधून भुकटी करून मूठभर टाका. घरात अंडं चालत नसेल तर नर्सरीत चुनखडीची किंवा डोलोमाइटची भुकटी मिळते, ती चमचा-दोन चमचे. दोन्ही हळूहळू काम करतात, आणि हळू हेच हवंय.

किड्यांबद्दल घाबरू नका. अगदी बारीक पांढरे दोरे, पूर्ण पांढरे, ही गांडुळांची पिल्लं नव्हेत. पिल्लू नीट बघितलं तर आतून लालसर रेघ दिसते, कातडी पारदर्शक असल्याने रक्त दिसतं. पांढरे दोरे म्हणजे गांडुळांचेच लहान नातेवाईक आहेत, आंबट आणि चिकचिकीत जागा त्यांना आवडते. अंथरूण सुधारलं की आपोआप कमी होतात. जाड राखाडी-तपकिरी अळ्या या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या. माशी दिसायला गांधीलमाशीसारखी, पण चावत नाही आणि आपल्या ताटावर बसत नाही. अळ्या गांडुळांना खात नाहीत, पण इतक्या झपाट्याने खातात की माल तापतो आणि चिखल होतो. लहान डब्यात ते परवडत नाही. हाताला लागतील तेवढ्या वेचून बागेत टाका, साळुंक्या आवडीने खातात. चिलटांवर उपाय एकच, खाणं कधीही उघडं ठेवायचं नाही, वर दोन बोटं सुका थर हवाच.

मुंग्या लागल्या तर समजा डबा कोरडा पडलाय. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. गोम दिसली तर ती मात्र काढून टाका, ती गांडुळं खाते. चिचुंद्रीही खाते, त्यामुळे तळमजल्यावर असाल तर जाळी लावा.

बागेतली गांडुळं आणू नका. पावसात वर येतात ती खोल मातीत बिळं करून राहणारी. त्यांना खाली मातीच हवी, सालींच्या डब्यात ती तगत नाहीत. खतासाठी लागतात ती वरच्या पाल्यात राहणारी. आपल्याकडे नर्सरीत बहुतेक तीन जाती मिळतात. एक आयसेनिया फेटिडा, लाल, अंगावर पट्टे, मध्यम आकाराची. दुसरी युड्रिलस युजेनी, आफ्रिकेतली, लांब, जाड, जांभळट. तिसरी आपली देशी पेरिओनिक्स एक्सकॅव्हॅटस, उन्हात निळसर चमकते आणि हात लावला की सळसळत पळते. ही देशी जात पाऊस-वादळाच्या रात्री डबा सोडून जाण्यासाठी प्रसिद्ध आहे. गॅलरीभर पसरली ती निळसर चमकणारी होती का, ते एकदा बघा. असेल तर पावसाळ्यात दिवा रोजच ठेवावा लागेल.

डबा बदलायला हवा, ही मी आधीच सांगायला हवी होती अशी गोष्ट. ही गांडुळं वरच्या सहा-आठ इंचांतच राहतात. ५० लिटरचा उंच डबा म्हणजे खालचा अर्धा भाग त्यांच्या कामाचा नाही, तिथे नुसतं पाणी उतरतं आणि सडतं. त्यापेक्षा पसरट टब किंवा भाजीचा क्रेट घ्या, आतून गोणपाट लावा, विटांवर ठेवा, खाली थाळी. तळाला आणि बाजूंना भोकं असलीच पाहिजेत.

दहा दिवसांनी वास गेला, माल नाकाशी धरल्यावर मातीसारखा वाटला, की खाणं सुरू करा. पहिल्या दिवशी एक मूठ, एकाच कोपऱ्यात, पुरून. तीन दिवसांनी तो कोपरा उकरा. साली विरघळल्या असतील तर पुढचा कोपरा, नसतील तर थांबा. हा उकरून बघण्याचा नियम सोडू नका. पुस्तकात, पाकिटावर काहीही आकडा असो, तुमच्या डब्याचं पोट तुमच्या डब्यालाच विचारायचं. नीट रुळलेली एक किलो गांडुळं दिवसाला पाव किलोच्या आसपास संपवतात, पण तुमच्याकडे आता एक किलो उरलेली नाहीत, त्यामुळे पावसाळा संपेपर्यंत शंभर ग्रॅमच्या पुढे जाऊ नका.

मग बाकीचा कचरा कुठे? इथेच खरी युक्ती आहे. गांडुळांना दात नसतात. ताजी साल ती खाऊ शकत नाहीत, जिवाणू-बुरशीने ती मऊ केली की मगच खातात, आणि त्याबरोबर ते जिवाणूही खातात. तेव्हा कचरा आधी दुसऱ्या बादलीत सुक्या पाल्याबरोबर दहा-पंधरा दिवस मुरवा, एक वाटी ओला तर दोन वाट्या सुका. आंबणं, तापणं, जे काय व्हायचं ते तिथे होऊन जातं. गांडुळांच्या टबात जाईल तो थंड, मऊ, अर्धा कुजलेला माल. दोन बादल्या ठेवल्या, एक भरतेय आणि एक मुरतेय, तर पुढच्या मे महिन्यात पन्नास माणसं आमरसाला आली तरी टब सुखात राहील. ही बादली सगळं खाते, कांद्या-लसणाची सालं, लिंबू-मोसंबीची सालंसुद्धा थोडी थोडी. थेट टबात मात्र ती नकोत. टबात सरळ टाकायला चांगल्या वस्तू म्हणजे चहाचा चोथा (दूध-साखर धुऊन), केळ्याची साल बारीक कापून, पालेभाज्यांचे देठ, पपईच्या साली.

थोड्या दिवसांत गणपती येतील. निर्माल्य चालतं. दुर्वा, जास्वंद, झेंडू, सगळं. हारांचे दोरे काढा, जरीचे आणि रंग मारलेले भाग काढा, हळद-कुंकू लागलेली फुलं झटकून घ्या, आणि एकदम ढीग न टाकता मुरवायच्या बादलीतूनच पाठवा. केळीचे खांब उभे चिरून, तुकडे करून मिळाले तर सोडू नका, गांडुळं त्यांच्या पदरांत शिरून बसतात.

सासूबाईंचं म्हणणं मला पटतं. वास येणारा डबा घरात कुणी का सहन करावा? पण ती तक्रार वासाची आहे, गांडुळांची नाही. चांगल्या डब्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. तो मातीतल्या जिवाणूंमुळेच येतो, आणि तेच जिवाणू चांगल्या खतातही असतात. सासूबाईंकडून पंधरा दिवस मागून घ्या. टब झाकून, भिंतीपासून थोडा दूर ठेवा, आणि हाताळून झालं की साबणाने हात धुवायचे, हे मुलांनाही शिकवा.

आता तुळस. तुम्ही घातलंत ते काळं पाणी व्हर्मिवॉश नव्हतं. व्हर्मिवॉश म्हणजे तयार खतातून पाणी गाळून काढलेला अर्क. कुजणाऱ्या सालींतून खाली ठिबकतं ते नुसतं सडलेलं पाणी, त्यात आम्ल असतं, हवा नसते, आणि नाजूक मुळं त्याने भाजतात. ते गटारात टाका. खरं तर थाळीत पाणी साचणं हीच चूक झाल्याची खूण आहे, नीट चाललेल्या टबातून जेमतेम थेंब येतात. तुळशीच्या कुंडीतली वरची इंचभर माती काढा, कुंडीच्या तळातून भरपूर वाहून जाईल इतकं साधं पाणी दोनदा घाला, पिवळी पानं आणि मंजिऱ्या खुडा, पावसाच्या झडीपासून आडोशाला ठेवा. नवी पालवी दिसेपर्यंत खत नको.

खत काढायची वेळ दिवाळीच्या सुमाराला येईल. त्याआधी चार-पाच दिवस ओलं काही टाकू नका, मग उजेडात छोटे छोटे ढीग करा, गांडुळं तळाला जातील तसा वरचा माल काढत जा. तो सावलीत ठेवा, पूर्ण सुकवू नका. तुळशीला तेव्हा दोन मुठी द्या.

दहा दिवसांनी टब उघडाल तेव्हा तीन गोष्टी बघून लिहा : वास कसा आहे, मूठ दाबल्यावर किती थेंब येतात, आणि पिवळसर कोष दिसतात का. त्यावरून पुढचं सांगते.